पंख्याचा जोर चार रबरांवर : खोल समुद्रात कुपा पकडायला निघणाऱ्या नवख्यांसाठी

लहान होडीतून खोल समुद्रात कुपा, म्हणजे ट्यूना, पकडायला जाऊ इच्छिणारे नवखे लोक मला भेटतात तेव्हा त्यांचे प्रश्न गळ, तंगूस म्हणजे गळाची दोरी, आणि आमिष यांच्याभोवतीच फिरतात. इंजिनाविषयी विचारणारा क्वचित भेटतो आणि इंजिन ज्यावर बसते त्या माउंटिंगविषयी तर आजवर एकानेही विचारलेले नाही. मी नवखा असताना मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. पंखा होडीला पुढे ढकलतो हे सगळ्यांना माहीत असते, परंतु तो जोर होडीपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो याचा विचार सहसा कोणी करत नाही. साध्या डिझेल इंजिनाच्या होडीत पंख्याचा रेटा शाफ्टमधून, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून, गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर येतो, तेथून इंजिनाच्या पायांवर आणि पायांखालच्या चार रबरी माउंटिंगांतून होडीच्या तळातल्या तुळयांवर. म्हणजे इंजिनाचे वजन पेलणारी आणि त्याची थरथर शोषणारी ती चार रबरेच संपूर्ण होडीला पुढे रेटत असतात.

कुप्याच्या मासेमारीत या रबरांची कसोटी विशेष लागते. कुपा सतत पोहणारा मासा आहे. थांबला तर त्याच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी वाहत नाही आणि त्याला प्राणवायू मिळत नाही. असा धावता मासा शोधायचा तर होडीही चालती ठेवावी लागते. कृत्रिम आमिषे मागे ओढत नेताना बहुधा ६ ते ८ नॉट (ताशी सागरी मैल) वेग ठेवतात आणि तासन्‌तास इंजिन जवळजवळ एकाच फेऱ्यांवर चालते. त्या फेऱ्यांवर इंजिनाची थरथर होडीच्या तळाशी जुळून वाढत असेल, तर रबराला दिवसभर क्षणाचीही उसंत मिळत नाही. मासा लागल्यावर मात्र सगळे उलटे होते. मोठा पिवळ्या पराचा कुपा सरळ खाली झेप घेतो, होडीखाली शिरतो, तंगूस पंख्याकडे येऊ लागते आणि सुकाणूवरचा माणूस घाईघाईने गिअर पुढे-मागे टाकू लागतो. प्रत्येक वेळी रेट्याची दिशा पालटते, इंजिन पायांवर एकदा पुढे आणि एकदा मागे झुकते, आणि भरीस भर म्हणून लाटेवर डोलणाऱ्या होडीत त्याचे सगळे वजन आडवेही हेलकावत असते.

माझ्या होडीचे मागचे डावे माउंटिंग असेच, तिसऱ्या माशाच्या वेळी सुटले. आम्ही दोघे किनाऱ्यापासून सुमारे ३० सागरी मैलांवर होतो. गिअर मागे टाकताच पायाखाली एक बोथट दणका बसला आणि त्यानंतर संथ फेऱ्यांवरही तळ थरथरू लागला. मासा वर घेतल्यावर मी इंजिनाचे झाकण उघडले, तेव्हा माउंटिंगचा वरचा लोखंडी भाग रबरापासून विलग झालेला दिसला. खाली काळ्या रबराचा बारीक भुगा साचला होता. तो भुगा एका दिवसाचा नव्हता. कित्येक आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर जमत होता आणि मी त्याला काजळी समजून पुसत होतो.

अशा वेळी पहिली नजर इंजिनाकडे नव्हे, तर शाफ्ट होडीबाहेर जातो तेथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडकडे टाकावी. इंजिन सरकले की शाफ्ट वाकडा ओढला जातो, आणि ग्लँडमधून थेंब-थेंब येणाऱ्या पाण्याची धार होण्यास वेळ लागत नाही. आमची गळती थोडी वाढली होती, पण पंपाला आवरण्याजोगी होती. आम्ही इंजिन बंद केले, सुटलेल्या पायाखाली कठीण लाकडाच्या दोन पाचरी समोरासमोरून ठोकल्या, पाय आणि तुळई यांना खटक्याच्या पट्ट्याने एकत्र आवळले, सर्व दोऱ्या आत घेतल्या आणि गिअर अगदी हलक्या हाताने टाकत ४ नॉटने परत फिरलो. एरवी चार-साडेचार तासांची वाट साडेसात तासांची झाली. इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला राखीव, हा जुना हिशेब मला तोवर भित्रेपणाचा वाटत असे. निघण्याची जागा आणि परतीची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून ठेवणे, आणि व्हीएचएफ रेडिओ संकटातल्या हाकेच्या चॅनेल १६ वर लावलेला असणे, या गोष्टींचेही मोल अशाच परतीच्या वाटेवर कळते.

परतीचा वेळ वाढतो तेव्हा माशाचा प्रश्नही उभा राहतो. कुप्याचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण असते आणि झुंजीत ते आणखी तापते, त्यामुळे पकडताच त्याचे रक्त काढून, आतडी व कल्ले काढून त्याला बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या लगद्यात पूर्ण बुडवावे लागते. हे न केल्यास मांस फिके आणि पाणचट होते हा झाला लहान तोटा. मोठा धोका असा की, उबेत जिवाणू या माशाच्या मांसात हिस्टामिन हे विषबाधा घडवणारे द्रव्य तयार करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून नष्ट होत नाही. म्हणून बर्फ ठरलेल्या तासांचा नव्हे, तर त्याच्या दुपटीचा घ्यावा.

आता दुरुस्तीकडे वळू. एकच माउंटिंग तुटले असले तरी चारही बदलावीत, असे माझे मत आहे. जुनी तीन दबलेली आणि नवे एक ताठ, असा संच कधीही सारखा भार घेत नाही. गाडीच्या इंजिनाचे माउंटिंग दिसायला सारखे असले तरी बसवू नये, कारण पंख्याचा रेटा सोसण्यासाठी आणि रबर फाटले तरी इंजिन धरून ठेवण्यासाठी होडीच्या माउंटिंगची रचना वेगळी असते. काही इंजिनांत पुढची आणि मागची रबरे वेगवेगळ्या कडकपणाची असतात, म्हणून खूण न करता ती एकत्र ठेवणे म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी होय. जुने सोडण्यापूर्वी प्रत्येक पायाची तुळईपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच कोपरा उचलावा. उचलताना जॅक तेलाच्या टाकीखाली, म्हणजे संपखाली, कदापि लावू नये.

माउंटिंग निघाल्यावर खालची तुळई हातोडीने ठोकून पाहावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर फायबरच्या आतले लाकूड कुजलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात नवा स्क्रू कितीही आवळला तरी तो धरणार नाही. माझ्या होडीत मागच्या दोन भोकांची हीच अवस्था होती. तेथील कुजका भाग कोरून, कोरडा करून इपॉक्सीने भरावा लागला आणि वर लोखंडी पट्टी टाकून आरपार बोल्ट घ्यावे लागले. माउंटिंग बदलायला एक दिवस लागला, तुळईला एक आठवडा.

यानंतरचे काम सर्वांत चिकाटीचे आहे, ते म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेषा जुळवणे. ते होडी पाण्यात असतानाच करावे, कारण जमिनीवर टेकवलेल्या होडीचा तळ किंचित वाकतो आणि तेथे साधलेली रेषा पाण्यात टिकत नाही. नवे रबर वजनाखाली दबते, म्हणून इंजिन बसवून दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. मग कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांना जोडणाऱ्या चकत्यांच्या जोडीचे, बोल्ट काढून दोन्ही चकत्या जवळ आणाव्यात आणि वर, खाली, उजवीकडे व डावीकडे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे मापक) घालून फट मोजावी. सर्वसाधारण नियम असा की, फटींतला फरक कपलिंगच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावा. १०० मिलिमीटरच्या कपलिंगला ०.१ मिलिमीटर. फट वर जास्त असेल तर इंजिनाची पुढची बाजू उचलावी लागते, खाली जास्त असेल तर उतरवावी लागते. मात्र उंचीसाठी नट माउंटिंगच्या खांबाच्या, म्हणजे इंजिनाचा पाय ज्यावर बसतो त्या आट्यांच्या उभ्या बोल्टच्या, टोकापर्यंत चढवू नये, कारण पाय जितका उंच तितका रेट्याचा ताण खांबाच्या बुडाशी वाढतो आणि तो तेथेच तुटतो. उंची कमी पडत असल्यास माउंटिंगखाली धातूची पट्टी घालावी. शेवटी चारही नट हाताने चाचपावेत. एखादा बोटाने फिरला तर तो पाय अधांतरी आहे आणि सगळे वजन उरलेल्या तिघांवर आहे, असे समजून मोजणी पुन्हा सुरू करावी. मला पहिल्या खेपेस ही मोजणी पाच वेळा करावी लागली, आणि पाचव्या वेळीही मी केवळ कंटाळून थांबलो होतो हे कबूल करतो.

आता दर फेरीपूर्वी मी झाकण उघडून माउंटिंगांवरून कोरडे पांढरे फडके फिरवतो. फडक्यावर काळा भुगा आला तर रबर झिजत आहे, तांबूस गंज आला तर खांब पाहायचा, आणि डिझेल किंवा तेल लागले तर आधी गळती शोधायची, कारण तेलात भिजलेले रबर फुगून मऊ पडते. इंजिन बंद करताना ते नेहमीपेक्षा जास्त हिंदकळते का, हेही पाहतो. होडीत एक जादा माउंटिंग, दोन पट्टे आणि पाचरींची पिशवी कायम असते. दुरुस्तीनंतरच्या तिसऱ्या फेरीत मी कपलिंग पुन्हा उघडले, तेव्हा खालची फट ०.२ मिलिमीटरने वाढलेली निघाली. पुढचे दोन्ही नट जरासे उतरवून ती मर्यादेत आणली, आणि पुढची मोजणी आणखी पाच फेऱ्यांनंतरची म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली.