बार्बाडोसला दोघंच जाताना

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही कोथरूडहून थेट बार्बाडोस गाठलं. थेट कसलं, मुंबई, लंडन आणि मग बेट!

तिथे फिरायला जायचं तर भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. वाटेतल्या विमानतळाचे नियम मात्र तिकीट काढण्याआधी बघा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, म्हणून डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा. महाग पडतं, पण खोलीत बसून पाऊस तर पुण्यातही बघता येतो.

खोली पश्चिम किनाऱ्यावरच घ्या. पाणी शांत, कमरेइतक्या पाण्यातही पायाची बोटं दिसतात. पूर्वेला बाथशेबा गावाजवळ अटलांटिक नुसता आपटत असतो. बघायला जा, पोहायला नको. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स गावात भाजलेला मासा खा. आमचे हे केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाबाहेर अर्धा तास रेंगाळले, मी शहाळं पीत बसले.

वीज 110 व्होल्टची, आपल्या निम्मीच, त्यामुळे घरून नेलेली किटली पाणी कोमट करूनच दमली. घड्याळ साडेनऊ तास मागे, पहाटे तीनला टक्क जाग! पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. ह्यांचा तासातासाचा तक्ता मी बॅगेच्या तळाशी कोंबला.