तिथी बघून आखा मुंबई–अलिबाग–दिवेआगरची तंबूसफर

बुकिंग करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून खात्री करा.

चतुर्थी-पंचमीला निघणं सगळ्यात सोयीचं. सकाळची पहिली रो-रो धरून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरलात, की वडखळचा खोळंबा टळतो आणि ओहोटीच्या वेळेला अलिबागेत पोचता येतं. तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची असते, आणि पाणी पुरतं हटत नाही; त्या दिवशी होडीच बरी. किल्ल्यातून परतायची वेळ आत शिरतानाच ठरवा. पाणी चढायला लागल्यावर ‘गुडघाभरच तर आहे’ म्हणत उतरणारे नेहमी भेटतात, त्यांच्या मागे जाऊ नका.

पुढे चौल-रेवदंडा. पोर्तुगीज तटाच्या आतच गाव वसलंय, त्यामुळे गाडी बाहेर लावून पायी फिरा. कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली आजही बोलली जाते. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात. मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलं की खाडीचा लांबलचक वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच फोन करून विचारा.

आता तंबू. दिवेआगरला सुरूच्या बनालगत एखाद्या घरगुती निवासाच्या वाडीत जागा मागा. परवानगी, गोडं पाणी, संडास, सगळं एकदमच सुटतं. पुळणीवरच, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच, लावायचा असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. शेवाळ-काटक्यांची जी वरची रेघ दिसते ती भरतीची. तिच्यापासून किमान वीस-पंचवीस पावलं वर जा, कारण पंचमीची भरती तुम्ही गाढ झोपेत असताना येते. माडाखाली तंबू नको, नारळ पडतो.

साधे खुंटे वाळूत धरत नाहीत. जाड पिशवीत वाळू भरा, दोरी पिशवीच्या मधोमध बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि वर पाय देऊन दाबा. दार समुद्राकडे ठेवू नका, वारा आत शिरून तंबू फुगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम, पण दव पडतं. बाहेरचं कापड आतल्याला चिकटलं तर पहाटे अंथरूण ओलं होतं. माणशी चार लिटर पिण्याचं पाणी घ्या. सुरूच्या वाळक्या काड्यांजवळ शेकोटी मुळीच नको.

गाडी पुळणीवर घालू नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा, चाकापुढची वाळू उपसा, पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. पक्क्या रस्त्यावर येताच हवा भरा.

परतीला म्हसळा-माणगाव मार्गे येणार असाल तर रविवारी जेवणाआधीच निघा. संध्याकाळी माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग हलत नाही. घरी पोचल्यावर गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुवून घ्या.