हाडे, शंख आणि संगणकावरील शिल्प : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मातीत काम करत शिकलेल्या माणसाला संगणकावरचे शिल्प सुरुवातीला परके वाटते, कारण हाताला काहीच लागत नाही. मला या माध्यमाकडे खऱ्या अर्थाने वळवले ते फोटोग्रॅमेट्रीने. एकाच वस्तूची चहूबाजूंनी घेतलेली छायाचित्रे संगणक एकमेकांशी पडताळून पाहतो, त्यांतील सामाईक बिंदू शोधतो आणि त्यांवरून वस्तूचा त्रिमित पृष्ठभाग उभा करतो. कल्पना तशी जुनीच आहे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम हा शिल्पकार माणसाला मधोमध बसवून भोवतीच्या २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी छायाचित्रे घेत असे आणि त्यांतील बाह्यरेषांच्या आधारे पुतळा घडवीत असे.

पहिली वस्तू कोणती घ्यावी, असे मला विचारले तर मी बकऱ्याची कवटी सुचवतो. खाटकाकडून मुंडी सहज मिळते, हाड मॅट (न चकाकणारे) असते, त्यावर शिवणी (हाडांच्या जोडरेषा) आणि बारीक छिद्रे असल्यामुळे संगणकाला पकडायला भरपूर खुणा मिळतात, आणि डोळ्यांच्या खोबणी, शिंगांची मुळे, नाकाकडे निमुळती होत जाणारी हाडे यांत शिल्पकाराला वर्षभर पुरेल इतका अभ्यास असतो. साफ करताना ती उकळू नये, कारण उकळल्याने चरबी हाडात मुरते. मांस काढून कवटी झाकणाच्या बादलीत पाण्यात ठेवावी, पाणी अधूनमधून बदलावे, आणि उरलेले मांस आपोआप सुटू द्यावे. याला काही आठवडे लागतात आणि वास असह्य असतो, त्यामुळे सोसायटीच्या बाल्कनीत हा उद्योग करू नये. नंतर भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्यात चरबी काढून शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. ब्लीचने हाडाचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि आपल्याला तर तोच पृष्ठभाग हवा असतो.

रानात किंवा किनाऱ्यावर सापडणाऱ्या अवशेषांबाबत मात्र सावध राहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मृतावस्थेत सापडलेला संरक्षित वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते, आणि हाडे, शिंगे, दात, कवचे हेही कायद्याच्या कक्षेत येतात. प्रवाळ आणि नॉटिलससारखे काही मृदुकाय जीवही संरक्षित आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाचा मणका कितीही मोहक वाटला तरी तो उचलून घरी आणणे हा गुन्हा ठरू शकतो. वनविभागाला कळवावे, आणि परवानगी असेल तर तिथेच छायाचित्रे घ्यावीत. आपल्या माध्यमाची खरी सोय हीच आहे, की वस्तू जागच्या जागी राहते आणि तिचे रूप आपल्याकडे येते. शिवाय कारण न कळता मेलेल्या गुरांच्या हाडांना हात लावू नये, कारण त्यांत काळपुळीसारख्या रोगांचे जंतू असू शकतात.

आता छायाचित्रणाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण काम बिघडते ते इथेच आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ते सुधारत नाही. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत ७० ते ८० टक्के भाग सामाईक असावा. म्हणजे दर १० ते १५ अंशांवर एक छायाचित्र, आणि अशा किमान तीन फेऱ्या वेगवेगळ्या उंचीवरून. मग वस्तू उलटी करून तेच पुन्हा. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकल लेंग्थ (झूम) एकदा ठरवली की बदलू नये, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ते एफ/११च्या आसपास ठेवावे आणि ट्रायपॉड वापरावा. उजेड मऊ हवा. ढगाळ दिवशीची पडवी मला बहुतेक महागड्या दिव्यांपेक्षा बरी वाटते. पार्श्वभूमीचा नियम मात्र कामाच्या पद्धतीनुसार उलटा होतो. वस्तू स्थिर ठेवून आपण भोवती फिरणार असू, तर खाली पसरलेले वर्तमानपत्र उपयोगी पडते, कारण त्यावरील अक्षरे संगणकाला जादा खुणा पुरवतात. वस्तू फिरत्या पाटावर ठेवली आणि कॅमेरा स्थिर असला, तर मागे काहीही ओळखू येण्याजोगे दिसता कामा नये. अन्यथा स्थिर पार्श्वभूमी पाहून संगणक असे धरून चालतो, की कॅमेरा हललाच नाही. शेजारी मोजपट्टी ठेवावी, कारण वस्तू बोटाएवढी आहे की बैलाएवढी, हे छायाचित्रांवरून संगणकाला कळत नाही.

शंख-शिंपले याहून कठीण. चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकत राहते आणि संगणक तिलाच खूण समजतो. फ्लॅशवर ध्रुवक (पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म आणि लेन्सवर ध्रुवक फिल्टर एकमेकांशी काटकोनात लावले, की चकाकी बहुतांशी नाहीशी होते. पिसे आणि केस यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

सॉफ्टवेअरबद्दल फार चर्चा होते, तिची तितकी गरज नाही. छायाचित्रांवरून पृष्ठभाग उभा करणारा मेशरूम हा प्रोग्रॅम मोफत आहे, पण पूर्ण प्रक्रियेसाठी त्याला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. त्याच कामाचे मेटाशेप विकत घ्यावे लागते. पुढचे काम ब्लेंडर या त्रिमित रूपे घडवण्याच्या प्रोग्रॅममध्ये होते.

आणि पुढचे काम म्हणजेच शिल्प. संगणकातून बाहेर आलेली लाखो त्रिकोणांची जाळी ही केवळ नोंद असते, आणि अनेक नवखे तिलाच चकचकीत रंग देऊन थांबतात. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर हाडे, गारगोट्या आणि शिंपले गोळा करीत, त्यांचे प्लास्टरमधील तुकडे जोडून लहान नमुने बनवीत. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली आणि त्यांच्या पत्नीने दिलेल्या हत्तीच्या कवटीवरून मूर यांनी १९६९-७० मध्ये एचिंगची (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली, आणि तीत कवटीच्या पोकळ्यांची भुयारे आणि कमानी झाल्या. संगणकावर हे स्वातंत्र्य अधिकच मोठे आहे: खोबणीच्या आतून पाहता येते, एकच शिवण हजारपट मोठी करता येते, खेकड्याचे कवच कवटीच्या कमानीत बसवता येते. फक्त अर्धा भाग घेऊन आरशासारखा दुसरा तयार करण्याचा मोह टाळावा. खरी कवटी कधीच पूर्ण सममित नसते, आणि सममिती आली की हाड प्लास्टिकचे दिसू लागते.

नोकरीच्या दृष्टीने पाहिले, तर गेम आणि व्हीएफएक्सच्या (चित्रपटांतील दृश्य परिणामांच्या) कामात जाळी नव्याने सुटसुटीत बांधण्याचे, म्हणजे रीटोपॉलॉजीचे, कौशल्य विचारले जाते. त्यामुळे पोर्टफोलिओत अंतिम रूपाशेजारी जाळीही दाखवावी. मूळ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) छायाचित्रे कधीही पुसू नयेत, आणि फोल्डरच्या नावात ठिकाण, तारीख व मोजमाप लिहून ठेवावे. प्रक्रिया करणारे प्रोग्रॅम सतत सुधारत असल्यामुळे जुन्या छायाचित्रांतून आज मी पूर्वीपेक्षा कितीतरी नेटके पृष्ठभाग काढू शकतो, आणि काही कवट्या तर आता माझ्याकडे फक्त त्या फोल्डरमध्येच आहेत.