सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा विषयाला धरून कशी ठेवावी

ग्रुपच्या वर्णनात दोनच ओळी लिहा: इथे काय चालेल, काय नाही. पंधरा नियम कुणी वाचत नाही. शुभेच्छा आणि तर्री-पोह्यांच्या फोटोंसाठी वेगळा ग्रुप काढा, आणि तो बंद पडू देऊ नका.

एका मेसेजमध्ये एकच प्रश्न, सोबत मुदत. ‘पाण्याचं काहीतरी करा’ यावर भांडणाशिवाय काही निघत नाही. ‘मे महिन्यात टँकर रोज मागवायचा की एक दिवसाआड? रविवारी रात्री ९ पर्यंत सांगा’ असं विचारा. मेसेज ७ दिवसांसाठी पिन करा.

खरी कसोटी पुढे. टँकरवरून गोष्ट कूलरमध्ये कोण किती पाणी ओततं यावर जाते, तिथून गाड्या धुण्यावर, तिथून मागच्या वर्षीच्या मेंटेनन्सच्या हिशोबावर. अशा वेळी ‘कृपया विषयाला धरून बोला’ लिहा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. नाव न घेता बोललेलं चौघांना लागतं आणि पुढचा तासभर अ‍ॅडमिनच्या वागण्यावरच चर्चा चालते.

त्याऐवजी मूळ प्रश्नाचा मेसेज उजवीकडे सरकवा आणि त्यालाच रिप्लाय द्या: ‘रोजसाठी ६ जण, एक दिवसाआडसाठी ४. बी विंगमधून अजून कुणी सांगितलं नाही.’ रिप्लायसोबत प्रश्न पुन्हा सगळ्यांसमोर येतो, आणि बी विंगवाल्यांना उत्तर द्यावंच लागतं. लगेच दुसरा मेसेज: ‘काका, हिशोबाचा मुद्दा रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.’ आणि तो खरोखर घ्या. एकदा जरी विसरलात, तर पुढच्या वेळी काका ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

दोघांत जुंपली तर दोघांनाही फोन करा. ग्रुपवर मध्यस्थी करू नका. ‘फक्त अ‍ॅडमिन’ हे सेटिंग एका रात्रीपुरतं ठीक. कायम ठेवलं की लोक दुसरा ग्रुप काढतात.

काही अ‍ॅडमिन पोलिसांच्या धास्तीने जो तो मेसेज उडवत सुटतात. आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलंय की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. शिवीगाळ जरूर काढा. नुसता आडवा गेलेला मेसेज राहू द्या.

मुदत संपली की निर्णय एका ओळीत टाका आणि जुना पिन काढा.