टीपीयूला तारा सुटल्या? रिट्रॅक्शन सोडा, स्पूल काट्यावर ठेवा

थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकवर हात बसला की टीपीयूचा, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकच्या तारेचा (फिलामेंटचा) स्पूल मागवायचा मोह होतोच. मागवा, पण 95ए घ्या, 85ए नंतर (हे कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं मऊ). 95ए भरीव छापलं तर ट्रॉलीच्या चाकाइतकं कडक लागतं, म्हणून अनेकजण हिरमुसतात. वस्तू दाबल्यावर किती दबेल, हे बरंचसं बाहेरच्या भिंती आणि इन्फिल (आतली जाळीदार भरण) ठरवतात. दोन भिंती आणि 12 टक्के जायरॉइड (लाटांसारख्या जाळीचं इन्फिल) ठेवून बघा, तेच मटेरियल गादीसारखं दबतं.

सुरुवातीचे आकडे: 0.4 चं नोझल, 0.2 चा थर, नोझल 225 ते 230 अंश, प्रिंट बसते तो बेड 45 अंश, वेग सेकंदाला 30 मिमी. गुणाकार करा, 0.4 × 0.2 × 30 म्हणजे सेकंदाला 2.4 घन मिमी. साध्या एक्स्ट्रूडरवर (फिलामेंट पुढे ढकलणारा भाग) 3 च्या पुढे गेलात की त्याचा गिअर आणि हॉटएंड (वितळवणारा भाग) यांच्या मधल्या फटीत फिलामेंट दुमडतं. ओली सुतळी नळीत ढकलण्यातलाच प्रकार. आयडलरचा (फिलामेंट गिअरवर दाबणाऱ्या चाकाचा) स्क्रू पीएलएपेक्षा सैल ठेवा. जास्त आवळला तर फिलामेंट चपटं होऊन अडकतं. बेडवरच्या गुळगुळीत पीईआय शीटवर ग्लू स्टिकचा हात फिरवा, चिकटण्यासाठी नव्हे, सुटण्यासाठी. नाहीतर प्रिंटबरोबर शीटचा थरही उपटून येतो.

आता खरा सापळा. प्रिंटच्या दोन खांबांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा सुटतात. नेटवर शोधलं की उत्तर मिळतं, 'रिट्रॅक्शन वाढवा', म्हणजे नोझल एका जागेवरून दुसरीकडे जाताना फिलामेंट जास्त मागे ओढा. डायरेक्ट ड्राइव्हवर (एक्स्ट्रूडर थेट हॉटएंडवर बसवलेला) 0.8 मिमी पुरतं, ते 2 होतं, मग 4. तारा तशाच. मऊ फिलामेंटचा तोच तुकडा गिअरच्या दातांखालून पुन्हा पुन्हा जातो आणि चावला जातो. वितळलेलं टोक वर थंड भागात ओढलं जाऊन तिथेच बसतं. हॉटएंड चोंदतो. मग नोझल बदला, ट्यूब बदला, फर्मवेअर बदला. मूळ दुखणं मात्र स्पूलमध्येच असतं: ओल.

टीपीयू हवेतलं पाणी ओढून घेतं. 225 अंशाला त्या पाण्याची वाफ होऊन वितळलेल्या धारेत बुडबुडे येतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी पॉलिमरच्या साखळ्या तोडतं, द्रव पातळ होतो आणि नोझलमधून आपोआप गळत राहतो. गळतीला रिट्रॅक्शन काय करणार? 'तापमान वाढव' हा सल्ला तर पक्का उलटा, त्याने साखळ्या आणखी वेगाने तुटतात.

तपासणी सोपी आहे. 100 मिमी फिलामेंट हवेतच बाहेर काढा. कोरडं असेल तर तार गुळगुळीत, चकचकीत येते. ओलं असेल तर तडतड ऐकू येते, पृष्ठभाग खरबरीत दिसतो. मग स्पूल काट्यावर ठेवून वजन लिहा आणि फिलामेंटच्या ड्रायरमध्ये स्पूलवर दिलेल्या तापमानाला सुकवा. दिलेलं नसेल तर 55 अंशाला 6 ते 8 तास. पुन्हा वजन करा. किलोच्या स्पूलमधून 5 ग्रॅम गेले म्हणजे अर्धा टक्का पाणी होतं, आणि तेवढं खूप झालं. दोन तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ग्रॅमभराचाही फरक उरला नाही की थांबा. पुठ्ठ्याचा स्पूल स्वतःही ओल धरतो, तेव्हा त्याचे आकडे थोडे फुगलेले समजा. ड्रायरचं झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर निघालेली वाफ आतच फिरत राहते. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्याचं तापमान वरखाली होतं आणि वेढे एकमेकांना चिकटतात.

सिलिका जेल ओला स्पूल सुकवत नाही, सुकवलेला फक्त सांभाळतं. मुंबई-कोकणच्या जुलैत स्पूल मशीनवर उघडा ठेवून रात्रभराची प्रिंट लावाल तर सकाळचे थर संध्याकाळच्या थरांपेक्षा खराब दिसतील. बंद डब्यातूनच पीटीएफई नळीने फिलामेंट थेट एक्स्ट्रूडरपर्यंत न्या.

घाबरू नका, एवढं सांभाळलं की टीपीयू शांतपणे छापतं. तारा थोड्या राहतीलच, हीट गनचा हलका झोत मारा, जातात.

काम कुठे आहे? ड्रोनचे कॅमेरा माउंट, ग्रिपरची (वस्तू पकडणाऱ्या यांत्रिक हाताची) बोटं, यंत्रांच्या धक्काशोषक पट्ट्या, बुटांचे इनसोल. महागड्या टोकाला आदिदासने 2017 मध्ये कार्बन कंपनीच्या रेझिन तंत्राने बुटांचे जाळीदार तळवे आणले. घरच्या मशीनवर ते जमत नाही, नादी लागू नका. हवेवर चालणाऱ्या ग्रिपरच्या बोटाला 1.2 मिमीची भिंत द्या, पाण्यात बुडवून 0.3 बार हवा सोडा आणि बुडबुडे बघा. गळत असेल तर फ्लो (नोझलमधून सुटणाऱ्या मटेरियलचं प्रमाण) 3 ते 5 टक्के वाढवा. पातळ आणि पूर्ण हवाबंद भाग हवा असेल तर मी साचा छापून सिलिकॉन ओतायला सांगेन. सगळं छापायचा हट्ट कशाला?

मधुमेही पायाचा इनसोल ऑर्थोटिस्टशिवाय (असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाशिवाय) करू नका. संवेदना गेलेल्या पायाला थराची धार कळत नाही आणि जखम होते. इथे 'ट्राय करून बघू' चालत नाही.

हे शिकायला गुरू निवडताना एक बघा: तारा दाखवल्यावर तो आधी स्लायसर (प्रिंटची सेटिंग्ज ठरवणारं सॉफ्टवेअर) उघडतो की स्पूलचं पाकीट कधी फोडलं ते विचारतो. स्पूलचं विचारणाऱ्याला धरा.

या कामाच्या नोकरीसाठी मुलाखतीला जाताना प्रिंटच्या फोटोंचा अल्बम नेऊ नका. 50 × 50 × 20 मिमीचे तीन ठोकळे छापा, इन्फिल 10, 15 आणि 20 टक्के. प्रत्येकावर सपाट पट्टी ठेवून 1, 2, 5 किलोची वजनं ठेवा, व्हर्नियरने दबलेली उंची मोजा. दहा मिनिटं थांबून वजन काढा आणि किती परत उसळलं तेही लिहा. ठोकळे आणि तक्ता, दोन्ही टेबलावर ठेवा.