लाठी शिकताना या चुका टाळा: दुखतं हाताला, चुकतं पायात

मर्दानी खेळ शिकायला येणाऱ्यांत शाळकरी पोरांबरोबर आता तिशी-चाळिशीतली नोकरदार माणसंही बऱ्यापैकी दिसतात. आठवड्यातले दोन-तीन दिवस, सकाळी तास-दीड तास. पहिल्या महिन्यातल्या तक्रारी सगळ्यांच्या ठरलेल्या: नडगीवर फटका बसला, कोपर दुखतंय, लाठी सुटून उडाली, डावा हात ऐकतच नाही. ऐकायला हे सगळं हाताचं दुखणं वाटतं, म्हणून माणूस मनगटावर मेहनत करत बसतो. वस्ताद मात्र आधी पायांकडे बघतात, आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

लाठी निवडताना

सरळ उभं राहून लाठी शेजारी धरली की वरचं टोक कानाच्या आसपास यावं. बहुतेक मोठ्या माणसांना ५ ते साडेपाच फूट पुरतात. मिरवणुकीत सहा फुटी लाठी फिरवणारे बघून तेवढीच लांब घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. लांबी वाढली की टोक जमिनीला लागतं, आणि ते लागू नये म्हणून माणूस खांदा उचलून खेळायला लागतो. ती खोड मोडायला पुढे फार दिवस जातात.

जाडी साधारण एक इंच हवी. मूठ मिटल्यावर अंगठा मधल्या बोटावर आरामात यायला हवा. बांबू भरीव घ्या. कोकणातला माणगा किंवा मानवेल चांगला. अशी लाठी अर्धा किलोच्या आसपास भरते. पोकळ बांबू हलका म्हणून हाताला बरा वाटतो, पण जोड खेळताना उभा चिरतो आणि त्याची कुसळं तळहातात जातात. सपाट फरशीवर लाठी लोळवून बघा, वाकडी असेल तर उड्या मारत जाते. पेरं पॉलिश पेपरने घासून घ्या. दुकानातल्या लाठीला व्हार्निश असेल तर मुठीच्या जागेपुरतं तरी खरवडून काढा, कारण घामाने व्हार्निश निसरडं होतं. टोकांना लोखंडी शेंब्या बसवलेली लाठी दिसायला रुबाबदार असते. पण टोक जड झालं की ती थांबवायला आणि वळवायला दुप्पट जोर लागतो. पहिलं वर्षभर ती नकोच.

महिन्यातून एकदा जवसाचं तेल फडक्याने चोळा. लाठी भिंतीला तिरकी टेकवून उन्हात ठेवू नका, वाकते. बारीक पिवळसर पीठ गळायला लागलं की भुंगा लागला समजायचं. चीर पडलेल्या लाठीला चिकटपट्टी गुंडाळून खेळणारे बरेच असतात. जमिनीवर आपटल्यावर आवाज फुटका आला तर ती लाठी बाद.

नडगीला आणि घोट्याला लागतं

एकहाती लाठी मधोमध धरून फिरवताना पाच फुटी लाठीचं टोक हातापासून ३० इंचांवर असतं. मध्यम उंचीच्या माणसाचा हात बेंबीच्या पातळीवर असेल तर टोक आणि जमीन यांत आठ-दहा इंचांची मोकळीक राहते. पवित्र्यात गुडघे वाकले की त्यातले पाच-सहा इंच गेलेच. त्यात दमून हात खाली आला की लाठी जमिनीला घासते, उसळते आणि सरळ घोट्यावर येते. म्हणजे गुडघे वाकवाल तेवढा हात छातीकडे वर यायला हवा. दोन्ही गोष्टी एकत्र शिकायच्या असतात. ताठ उभं राहून शिकलेली फेक (लाठी गोल फिरवणं) पवित्र्यात बसताच फसते ती यामुळेच.

दुसरं कारण कोपर. ते बरगडीपासून लांब गेलं की फिरण्याची पातळी तिरकी होते आणि एक टोक नडगीकडे वळतं. यावर भिंतीचा उपाय आहे. लाठी ज्या बाजूला फिरते त्या बाजूला भिंत ठेवून उभे राहा. लाठी आणि भिंत यांत एक वीत अंतर ठेवा. आता भिंतीला न लागता आणि अंगाला न लागता सावकाश फिरवा. एका फेरीला दोन सेकंद लागले तरी चालतील. टोक भिंतीला कुठे लागतंय, वर की खाली, त्यावरून पातळी कुठे कलते ते कळतं. दहा मिनिटांचा हा सराव आठ दिवस केला तर फरक दिसतो. वेग मात्र वाढवू नका. वेगात फिरणारी लाठी आपल्याच जोराने गोल राहते आणि हाताची चूक झाकून टाकते.

लाठी सुटते, कोपर दुखतं, फोड येतात

तिन्हींचं मूळ एकच, घट्ट मूठ. लाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात फिरते. उरलेली तीन बोटं उघडतात आणि मिटतात. पाचही बोटं आवळून धरलीत तर मनगटाला पूर्ण फेर मिळत नाही, मग कोपर ओढलं जातं आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. बाटलीचं झाकण उघडतानाही तिथे कळ आली तर फिरवणं थांबवा. आठ-दहा दिवस फक्त पायांचा सराव करा आणि तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. ‘दुखतंय म्हणजे तयारी होतेय’ हा आखाड्यातला सल्ला कोपराच्या बाबतीत कानाआड केलेला बरा.

हातमोजे घालू नका, लाठीची पकड कळत नाही. तळहाताला आखाड्यातली कोरडी माती चोळली की घाम शोषला जातो. आणखी एक छोटी गोष्ट: जोर मारून झाल्यावर लगेच लाठी हातात घेतली की मनगटं आधीच थकलेली असतात. बैठका आधी, लाठी मग आणि जोर शेवटी, हा क्रम नवख्याला मानवतो.

पवित्रा

इथे सगळ्यात कमी वेळ दिला जातो. कारण उघड आहे. गरगर फिरणाऱ्या लाठीला टाळ्या पडतात, मोबाइलवर तीच छान दिसते. पवित्रा बदलणारा माणूस बघायला कुणी थांबत नाही.

दोन पायांत खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट अंतर, पुढच्या पायाची बोटं समोर, मागचं पाऊल तिरकं, गुडघे पावलांच्या बोटांच्या रोखाने वाकलेले. वजन दोन्ही पायांवर. पहिली चूक गुडघ्याची: पाऊल एकीकडे आणि गुडघा आत कललेला. महिनाभरात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. दुसरी चूक वळताना होते. टाच टेकवून वळलं की पाऊल जागीच राहतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. वळायचं चवड्यावर, टाच किंचित उचलून. मातीत अनवाणी हे आपसूक जमतं. गच्चीवर खडबडीत सिमेंट असेल तर सपाट तळव्याचे साधे बूट घाला. धावण्याचे जाड, पकडीचे बूट वळताना पाय धरून ठेवतात.

तिसरी चूक सगळ्यांत जास्त नडते. हात आणि पाय वेगवेगळ्या वेळी जातात. पाऊल आधी पडतं, लाठी मागून येते. किंवा माणूस खांबासारखा उभा आणि वर नुसता पंखा. वार पोचतो तेव्हाच पाऊल टेकायला हवं. सुधारायचं असेल तर लाठी बाजूला ठेवा. जमिनीवर खडूने किंवा विभूतीने मोठी अधिकची (+) खूण काढा, प्रत्येक बाजू दोन फुटांची. मधोमध उभं राहून पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे असं एकेक पाऊल टाका, दर पावलाला तोंडाने मोठ्याने आकडा म्हणा आणि मध्यावर परत या. पाय एकमेकांना ओलांडून जाता कामा नयेत. मग रिकाम्या हाताने वाराची हालचाल जोडा. आकडा, पाऊल, हात एकाच क्षणी आले की लाठी घ्या. रोजच्या तासातली पहिली वीस मिनिटं याला द्या. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

डाव्या हाताचं उत्तर सोपं आहे. सराव डाव्याने सुरू करा आणि उजव्याच्या दुप्पट करा. ‘उजवा पक्का झाला की डावा घेऊ’ म्हणणाऱ्यांचा डावा बहुतेक राहूनच जातो.

जागा

लाठी टोकाजवळ धरून हात लांब केला की सात फुटांपर्यंत पोचते. स्वतःभोवती आठ फूट मोकळे हवेत, शेजारी-शेजारी शिकणाऱ्या दोघांत किमान पंधरा. घराच्या खोलीत डोक्यावरची फेक करायची नाही. हात साडेसहा फुटांवर, त्यावर अडीच फूट लाठी. पंखा तिथेच असतो. व्हिडिओ बघून शिकत असाल तर समोरून घेतलेल्या चित्रणात डावं-उजवं उलटं दिसतं हे लक्षात ठेवा आणि पाठमोरं चित्रण शोधा. स्वतःचं चित्रण करताना पावलं चौकटीत येतील एवढा मोबाइल लांब ठेवा.

पट्ट्याची घाई नको

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तेव्हापासून ‘पट्टा कधी?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतचा हात झाकते. त्यामुळे मनगट जवळजवळ वळत नाही आणि सगळं काम कोपर, खांदा आणि कमरेवर येतं. लाठीवाला मनगटाने पट्टा चालवू बघतो आणि आतल्या आडव्या दांडीने त्याची बोटं सोलवटून निघतात.

मोठा धोका पात्याच्या लवचिकपणात आहे. हात थांबला तरी पातं लगेच थांबत नाही. टोक पुढे येतं आणि पाठीवर किंवा मांडीवर बसतं. म्हणून पट्ट्याचा वार मध्येच रोखायचा नसतो. फेर पूर्ण करून तो पुढच्या वारात न्यायचा. हे अंगात मुरेपर्यंत तीन फुटी वेताच्या छडीने, कोपर-मनगट एका रेषेत ठेवून सराव करा. नंतरचा पट्टाही बोथट, टोक गोल केलेला हवा. खेळण्याआधी मूठ हलवून बघा. रिव्हेट ढिले असतील तर खडखड ऐकू येते, तो पट्टा खाली ठेवायचा. मूठ सैल होत असेल तर आत कापडाची पट्टी गुंडाळा. माणसाच्या डोक्यावर किंवा तळहातावर लिंबू ठेवून कापणं हौशी माणसाने करूच नये. स्टँडवर ठेवलेलं लिंबू तेवढीच नेमकी परीक्षा घेतं.

जोड खेळताना

फरी-गदग्यात, म्हणजे छोटी ढाल (फरी) आणि काठी (गदगा) घेऊन खेळायच्या जोडीत, नवखा समोरच्याच्या गदग्याकडे बघतो. गदगा डोळ्यांना पकडता येत नाही, हूल दिली की फसायला होतं. नजर खांदा आणि छातीवर ठेवा, वार तिथे आधी कळतो. पहिले काही आठवडे वार आणि अडवणं आधी ठरवून, निम्म्या वेगाने खेळा. डोळ्यांना संरक्षण हवंच, चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे.

रस्त्यावरून नेताना

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यात लाठी-काठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. हे आदेश बहुधा पंधरा दिवसांचे असतात आणि आयुक्तालय किंवा जिल्हा प्रशासन ते जाहीर करतं. त्या काळात लाठी तालमीतच ठेवा. धारदार पात्यांचा प्रश्न वेगळा आहे: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. ऑनलाइन पट्टा किंवा तलवार मागवण्याआधी वस्तादांना आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.