बरोक व्यक्तिचित्र रंगवताय? काळ्याची ट्यूब आधी बाजूला ठेवा

छायाप्रकाशाचं माझं पहिलं तैलरंगातलं व्यक्तिचित्र आत्याचं. पार्श्वभूमी आयव्हरी ब्लॅकने माखली होती, ट्यूबमधून थेट, चांगले दोन थर. आत्याने चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मला काय कोळशाच्या वखारीत बसवलं होतंस?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांनी त्या काळ्यावर राख सांडल्यासारखे मळकट पट्टे उमटले, तेव्हा हसू आलं नाही.

बरोक म्हणजे सतराव्या शतकातली, उजेड-अंधाराच्या नाट्यावर उभी युरोपीय शैली. तिच्यातल्या रेम्ब्रांट किंवा काराव्हाज्जो या चित्रकारांच्या वळणाने रंगवू पाहणारे बहुतेक जण उजेडाची काळजी करतात. चित्र मात्र अंधारात बिघडतं.

अंधार म्हणजे काळा रंग नव्हे

नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातलं डच चित्रकार व्हर्मिअरचं ते मोत्याचं कर्णफूल घातलेल्या मुलीचं चित्र आठवा. तिच्या मागे आज काळोख दिसतो. तपासणीत निघालं की तिथे मुळात हिरवा पडदा होता. गडद थरावर नीळ आणि एक वनस्पतिजन्य पिवळा मिसळून केलेलं ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर होता, तो काळाच्या ओघात बदलला. रेम्ब्रांटच्या 1642 च्या 'नाइट वॉच'ची गोष्टही तशीच. नावात रात्र आली ती काळवंडलेल्या वार्निशामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ केलं तेव्हा दिवसाचा उजेड दिसला. म्हणजे आपण पुष्कळदा चित्रकाराची नाही, चित्रावर साचलेल्या काळपटपणाची नक्कल करत असतो.

उपाय सोपा आहे. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवातच करू नका. आधी टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या अंबरचा (तपकिरी मातीरंगाचा) हात देऊन तो मधल्या टोनवर, म्हणजे ना उजळ ना गडद अशा छटेवर आणा. गडद हवं तिथे बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळा. कुठे अंबर जास्त, कुठे निळा. आणि रेम्ब्रांटची पार्श्वभूमी नीट पाहा. बऱ्याच चित्रांत ती तपकिरी-करडी आहे, आणि गालाच्या अंधाऱ्या बाजूमागे किंचित उजळलेली. तेवढ्यानेच डोकं भिंतीपासून सुटतं.

खोलीत दोन दिवे

मॉडेलवर टेबललॅम्प लावायचा आणि डोक्यावरची ट्यूबलाइट चालूच ठेवायची, ही आपल्या घरांतली नेहमीची चूक. नाकाच्या दोन सावल्या पडतात आणि चेहऱ्याचा भात होतो. दिवा एकच ठेवा, बाजूने आणि डोळ्यांच्या वर, साधारण 45 अंशांवर. नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला मिळाली आणि डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरला, की जागा बरोबर. दुसरी अडचण आपल्या पांढऱ्या डिस्टेंपरच्या भिंती. त्या उजेड परत फेकतात आणि सावलीची बाजू राखाडी करून टाकतात. तिथे एखादी गडद चादर टांगा. कॅनव्हास ठेवायच्या ईझलवर मात्र वेगळा, पुरेसा उजेड हवा. अंधारात रंगवलेलं चित्र सकाळी खिडकीपाशी नेलं की भलतंच दिसतं.

मोबाइलच्या फोटोवरून काम करणार असाल तर एवढं जपा: कॅमेरा सावल्या आपसूक उजळून दाखवतो. त्यावर विसंबलात तर सावलीत नको तेवढे तपशील येतात.

आपले चित्रकार हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र डोळ्यांसमोर ठेवूनही काही जण सुरुवात करतात. पण ते जलरंगात आहे, आणि त्यात उजेडाचा उगम चित्राच्या आत, स्त्रीच्या हातात आहे. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग रंगवणाऱ्या डच चित्रकार होंटहोर्स्टच्या मेणबत्त्यांशी त्याचं नातं लागेल. खिडकीतून येणाऱ्या रेम्ब्रांटच्या उजेडाशी नाही.

सावलीत खिडक्या उघडू नका

डोळे किलकिले करून मॉडेलकडे पाहा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, हनुवटीखालचा भाग, मान हे सगळं मिळून एकच गडद आकार होतो. आधी तोच रंगवा. आपण मात्र सावलीतल्या डोळ्याचं बुबुळ, जबड्यावरचा परावर्तित उजेड, कानाची पाळी असं एकेक उजळत बसतो. मग चेहरा ठिगळांची गोधडी होतो. एक कसोटी: सावलीतला सगळ्यात उजळ ठिपका उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असला पाहिजे. डोळ्याचा पांढरा भागही सावलीत करडाच असतो.

उजेड आणि सावली जिथे भेटतात ती गालावरची पट्टी म्हणजे खरी परीक्षा. कोरड्या ब्रशने ती घासत बसलात की सगळं साबणासारखं गुळगुळीत होतं. मधला टोन वेगळा मिसळा आणि शेजारी ठेवा. ब्रश एकदाच फिरवा, मग थांबा.

जाड कुठे, पातळ कुठे

सावल्या पातळ, उजेड जाड. उलट केलंत तर सावलीतल्या जाड रंगाचे उंचवटे दिव्याखाली चमकतात आणि काळोख मोडतो. रेम्ब्रांटचा जाड पांढरा म्हणजे शिशापासून केलेला लेड व्हाइट. तो विषारी आहे, घरी त्याच्या मागे लागू नका. टायटॅनियम व्हाइट चालतो, पण त्याने त्वचा खडूसारखी थंड पडते. चिमूटभर यलो ऑकर, म्हणजे पिवळा मातीरंग घाला.

आता माझे ते राखाडी पट्टे. खालच्या थराने तेल शोषून घेतलं की वरचा रंग निस्तेज पडतो. थर पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं तेल मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. भेगा पडल्या असतील तर गुन्हेगार बहुधा थरांचा क्रम. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, अंबर लवकर. सावकाश वाळणाऱ्यावर लवकर वाळणारा चढवला की वरचा तडकतो. वाळत असलेलं चित्र बंद कपाटात ठेवू नका, अंधारात तेल पिवळं पडतं. पावसाळ्यात भिंतीला चिकटवून टांगलंत तर मागून बुरशी.

शेवटची चूक म्हणजे सगळं सारखंच पूर्ण करणं. लंडनच्या केनवूड हाउसमधलं रेम्ब्रांटचं उतारवयातलं आत्मचित्र पाहा. चेहऱ्यावर रंगाचे थर आहेत, आणि हात, ब्रश, पॅलेट काही फटकाऱ्यांतच उरकलेत. मी आत्याच्या नऊवारीचा काठ बारीक ब्रशने तीन संध्याकाळी रंगवला होता. चित्र अजून तिच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे आले की आधी विचारतात, "ही पैठणी का हो?"